तेलाच्या धंद्यातील भागीदारी: मैत्री आणि करार

मित्रासोबत तेलाच्या धंद्यात उतरण्यापूर्वी आपण अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या जॉन रॉकफेलर आणि मॉरिस क्लार्क यांची भागीदारी जरूर अभ्यासावी. 1863 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या खनिज तेल शुद्धीकरण कारखान्यात वादाचे मूळ कर्जात होते. रॉकफेलर विस्तारासाठी उसनवारी वाढवत होते, तर क्लार्क आणि भागीदारीतले त्यांचे भाऊ त्याला बिचकत आणि भागीदारी मोडण्याची धमकी देत. रॉकफेलरांनी ती धमकी खरी मानून बँकांचा पाठिंबा आधीच मिळवला आणि फेब्रुवारी 1865 मध्ये भागीदारांमध्येच झालेला, 500 डॉलरपासून सुरू झालेला या धंद्याचा लिलाव 72,500 डॉलरला जिंकला. (रागाच्या भरात उच्चारलेले शब्द समोरचा हिशेबात धरतो, हे क्लार्क यांच्या ध्यानात आले नसावे.)

म्हणून भागीदारीपत्रात कर्जाची कमाल मर्यादा, त्यासाठी लागणाऱ्या सह्या आणि वेगळे होताना टाक्यांतील साठ्याचे मूल्य कोणत्या दिवसाच्या भावाने धरायचे, हे स्पष्ट लिहून घ्यावे. तेलाचा भाव सतत हलत असल्याने भांडण या शेवटच्या कलमावरून सहज पेटू शकते. भारतात फर्मची नोंदणी सक्तीची नसली, तरी 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 नुसार नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातील हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर सर्वसाधारणपणे दावा लावता येत नाही, तेव्हा हे काम सुरुवातीलाच उरकावे.