सगळं आधीच कळतंय, मग वाचू कशाला?

प्रश्न: एका खूप खपणाऱ्या थ्रिलर लेखकाची पहिली कादंबरी मी एका रात्रीत संपवली होती, जेवायचंही भान नव्हतं. त्यानंतर त्याचं प्रत्येक पुस्तक आल्या आल्या घेतलं. आता सातवं वाचतोय आणि पुढे सरकवतच नाही. पहिल्या पानात खून, मग नोकरी सोडलेला एकटा हिरो, आणि जो सगळ्यात जास्त मदत करतो तोच शेवटी व्हिलन. मागच्या वेळी साठाव्या पानावरच मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने नाव लिहून ठेवलं आणि तोच निघाला, फार वाईट वाटलं हो. मीच जास्त वाचून निबर झालोय का?

उत्तर: अजिबात नाही, निबर झाला असतात तर वाईट वाटलंच नसतं. पण माझ्या मते दोष साच्याचा नाही. फ्रेडरिक फोर्सिथचं १९७१ सालचं 'द डे ऑफ द जॅकल' बघा, त्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायचा कट आहे आणि द गॉल तर १९७० साली घरीच वारले, म्हणजे कट फसणार हे पुस्तक उघडायच्या आधीच माहितीये, तरी खाली ठेवता येत नाही. कारण फोर्सिथ काही लपवत बसत नाही, उलट सगळं दाखवतो. मारेकरी दफनभूमीत फिरून लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं नाव शोधतो, त्या नावाचा जन्मदाखला काढतो, त्यावर पासपोर्ट मिळवतो, आणि हे वाचताना आपल्यालाच घाम फुटतो की आता याला पकडणार कसं.

तुमच्या लेखकाचं नेमकं उलट झालंय असं वाटतं. हिरो पाकीट उघडतो, चेहरा पांढराफटक, प्रकरण संपलं. आत काय होतं ते हिरोला कळलंय, लेखकाला माहितीये, फक्त आपल्याला तीन प्रकरणं ताटकळत ठेवायचं. पहिल्या पुस्तकात हे चालून जातं कारण माणसं नवी असतात, सातव्यापर्यंत आपल्याला ती खोच दिसायला लागते आणि एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही.

तुमची ती पहिली रात्र खरीच होती, तिच्यावर राग काढू नका. सातवं खुशाल अर्धवट सोडा. आणि यापुढे कुठलंही थ्रिलर घेताना मधली दोन-तीन प्रकरणं उघडून फक्त शेवटच्या ओळी वाचा, प्रत्येक ठिकाणी असंच पाकीट उघडून ठेवलेलं दिसलं तर घेऊ नका.