डीप ड्रॉइंग: कप तळाशी फाटतो, पण जोर फ्लँजचा असतो

डीप ड्रॉइंग म्हणजे सपाट पत्रा पंचाने डायच्या भोकात ढकलून कप बनवणं. तुम्ही 1 मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) शीटमधून 50 मिमी व्यासाचा, 60 मिमी उंच कप एकाच ड्रॉमध्ये काढताय. तो तळाच्या रेडियसपाशी फाटतो आणि ब्लँकहोल्डर (पत्र्याची कड डायवर दाबून धरणारी रिंग) सैल केला की सुरकुत्या पडतात. हे सेटिंग बदलून सुटणार नाही. आधी ब्लँकचा, म्हणजे सुरुवातीच्या गोल चकतीचा, व्यास काढा: √(50² + 4×50×60) = 120.4 मिमी, ट्रिमिंग धरून 126. म्हणजे ड्रॉ रेशो (ब्लँकचा व्यास भागिले कपाचा व्यास) 126/50 = 2.52. साध्या ड्रॉइंग ग्रेडला पहिल्या ड्रॉमध्ये 2 च्या आसपास मर्यादा येते.

ती का येते? फ्लँज, म्हणजे होल्डरखालची सपाट कड, आत ओढताना त्याचा परीघ आक्रसतो. त्यासाठी लागणारा ताण साधारण पदार्थाचा फ्लो स्ट्रेस (ज्या ताणाला तो कायमचा आकार बदलतो) गुणिले रेशोचा नॅचरल लॉग. हा सगळा ताण कपाच्या भिंतीतून जातो, आणि पंचाच्या रेडियसजवळची भिंत सगळ्यात कमी कडक झालेली असते, म्हणून ती तिथे तुटते. घर्षण नसतं तर मर्यादा लॉग 1 होतो तिथे, म्हणजे 2.72 वर आली असती. घर्षण आणि बेंडिंग धरून कार्यक्षमता 70% घेतली की ती 2 वर येते. तुमच्या 2.52 ला भिंतीवर क्षमतेच्या सुमारे 1.3 पट ताण येतो. होल्डर आवळलात तर तो आणखी वाढतो.

दोन ड्रॉ करा: 126 वरून 70 (रेशो 1.8, उंची सुमारे 39), मग 70 वरून 50 (1.4). दुसऱ्यात फाटलं तर मध्ये ॲनिलिंग (तापवून मऊ करणं).

पहिल्या ड्रॉला टेन्साइल (ओढून तुटण्याची ताकद) 320 एमपीए धरून फोर्स, म्हणजे π × व्यास × जाडी × टेन्साइल × (रेशो − 0.7): π×70×1×320×(1.8−0.7) ≈ 77 किलोन्यूटन, जवळपास 8 टन. डाय रेडियस 8 मिमी, पंच रेडियस 6, क्लिअरन्स (पंच-डायमधली फट) एका बाजूला 1.1 मिमी ठेवा. होल्डरचा दाब 2.5 एमपीए धरला तर सुरुवातीला सुमारे 16 किलोन्यूटन लागतील. तिथून सुरू करा आणि सुरकुत्या जेमतेम थांबतील तेवढाच वाढवा. डाय रेडियस 12-15 केला तर ओढ कमी होते खरी, पण शेवटी होल्डरमधून सुटलेली कड मोकळी राहून सुरकुततेच.

तेल फक्त ब्लँकच्या डायकडच्या बाजूला आणि होल्डरखालच्या कडेला लावा. पंचाच्या नाकाला मुळीच नको, कारण तिथलं घर्षण भिंतीला आधार देतं. दोन्ही बाजू तेलात बुडवून काढण्याची सवय बहुतेक शॉपमध्ये असते, आणि ती इथे नडते.

पंचाला हवेचं भोक आहे ना, तेही पाहा. नसेल तर कप पंचाला चिकटून बसेल आणि तळ आत ओढला जाईल.