फुर्र!

"मॅडम, ती सोंड लावून बायकोशेजारी झोपायचं कसं?" स्लीप अ‍ॅप्नियासाठी सीपॅप मशीन घेतलेले पुरुष मला हे हमखास विचारतात. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास दहा सेकंद किंवा त्याहूनही जास्त अडतो आणि मशीन नळी-मास्कमधून हवेच्या दाबाने ती वाट उघडी ठेवतं, हे डॉक्टरांनी समजावलेलं असतं. गाडी अडते लाजेपाशी.

पन्नाशीतले एक गृहस्थ आले. तासाला ३४ वेळा श्वास अडतो असा रिपोर्ट, म्हणजे तीव्र आजार. तरी मशीन दोन महिने कपाटावर.

"भीती कशाची वाटते?"

"ती हसेल."

"हसली तर?"

ते गप्प.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती मानते. प्रसंगापेक्षा त्याला आपण लावलेला अर्थच जास्त छळतो. या गृहस्थांशी वाद घातला नाही. म्हटलं, "एक रात्र लावा. वहिनी हसतात का, ते बघून मला सांगा."

पुढच्या वेळी सांगताना त्यांना हसू आवरेना. नाकाचा मास्क लावून "दिवा घालव गं" म्हणायला तोंड उघडलं, तर सगळी हवा तोंडातून बाहेर! शब्द एकही नाही, नुसतं फुर्र. बायको पोट धरून हसली. यांनाही हसू फुटलं, तशी फुर्रफुर्र आणखी वाढली.

"अपमान वाटला?"

बराच वेळ ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या घोरण्यामुळे ती दीड वर्ष हॉलमध्ये झोपायची. त्या रात्री मजा बघायला आली नि तिथेच झोपली."

तेव्हा मला उमगलं. मास्कमुळे दुरावा येईल म्हणून हे घाबरत होते, पण तो तर घोरण्याने कधीच आला होता. आता लाजणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, "सध्या घरात कोण कुठे झोपतं?"

आणि जोडीदारासमोर पहिल्यांदा मास्क रात्री नको, दुपारी टीव्ही बघताना वीस मिनिटं लावा. हसायचं ते तेव्हाच हसून घ्या. पट्टे आडवं होऊन जुळवा, बसून जुळवलेला मास्क कुशीवर वळलं की शिट्टी मारतो. मिशीमुळेही हवा निसटते. मिशी काढायची नसेल तर मास्कचा प्रकार बदलून मागा. तोंड उघडंच राहत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण मशीन परत कपाटावर ठेवू नका.

परवा त्यांचा फोन आला. रात्री वीज गेली, मशीन बंद पडलं, घोरणं सुरू. सकाळी चहाआधीच वहिनींनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं, मशीनचा प्लग इन्व्हर्टरवर घ्यायला.