रिकाम्या ट्रॉलीचं वजन

“ताई, मी तिथंच उभा होतो. सगळं दिसत होतं. तोंडातून एक शब्द निघाला नाही. असा कसा हो मी?”

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न घेऊन वर्षाला दहा-बारा जण तरी इंदूरमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतात. वर्गात सहकारी मुलांना उत्तरं सांगत असताना बघितलेली शिक्षिका, दिराला सासऱ्यांची सही गिरवताना बघितलेली सून. अर्थात, येताना हा विषय कुणी सांगत नाही. झोप उडाली, पित्त वाढलं, मुलांवर उगाच हात उठतो, असं काहीतरी सांगतात. खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत, निघताना, चप्पल घालता घालता बाहेर पडते.

त्यातल्याच एकाची ही गोष्ट. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चौतीस. जुन्या इंदुरातलं मराठी घर, बायको, एक मुलगी, घराचा हप्ता. नोकरी एका डाळमिलमध्ये, धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या मोठ्या काट्यावर. शेतकऱ्याची भरलेली ट्रॉली तोलायची, माल उतरला की रिकामी तोलायची, वजाबाकी करून पर्ची फाडायची. पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून माझ्याकडे धाडलं होतं.

चौथ्या भेटीत त्यानं खिशातून दोन पर्च्या काढून टेबलावर ठेवल्या. ट्रॅक्टर तोच, ट्रॉली तीच. एका पर्चीवर रिकामं वजन ३,८९० किलो, दुसरीवर ४,०३०.

“लोखंड वाढतं का ताई?”

मला काही कळेना. मग त्यानं समजावलं. रिकामी ट्रॉली काट्यावर आली की मुनीम डोळ्यानं खुणावतो आणि दोन हम्माल झाडायच्या निमित्तानं ट्रॉलीआडून काट्याच्या पाटावर चढतात. रिकामं वजन वाढलं की मालाचं तेवढंच घटतं. १४० किलो हरभरा. क्विंटलला साडेपाच हजार धरले तरी साडेसात हजारांच्या वर. शेतकरी पुढं ट्रॅक्टरवर बसलेला, त्याला मागचं दिसत नाही.

“तिथं कोण कोण असतं?”

“मुनीमजी, दोघं हम्माल, गेटवाला आणि मी. सगळे बघून राहिले असतात, आणि सगळे दुसरीकडे बघून राहिले असतात.”

हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. पुस्तकांना जे सांगायला चार पानं लागतात, ते यात आलं. १९६८ साली लाताने आणि डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका खोलीत हळूहळू धूर सोडून बघितलं होतं. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून बाहेर कळवलं. शेजारी दोघं मख्ख चेहऱ्यानं बसवले, तेव्हा कळवणारे उरले १० टक्के. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो की काही विशेष घडत नसावं. त्याच वेळी आपला गप्प चेहरा दुसऱ्याचा पुरावा होतो, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, आमच्याकडे धूर नव्हता. मुनीम होता.”

अठरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अशिलानं मला असं जमिनीवर आणलं की मला बरंच वाटतं. त्याचं खरंच होतं. धूर कुणाचा नसतो. लबाडीला नाव असतं, चेहरा असतो आणि बहुतेक वेळा आपला पगारही त्याच्याच हातून येत असतो. त्यात घरी त्याची आई म्हणायची, “व्यापमच्या वेळी बघितलंस ना? बोलणाऱ्यांना पोलीस घेऊन फिरावं लागलं.” व्यापम म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी भरती आणि प्रवेश परीक्षांचा घोटाळा. २०१३ साली तो आमच्या इंदुरातूनच उघड झाला, तेव्हापासून इथल्या घराघरांत ही धास्ती आहे, आणि ती पोकळ नाही. गप्प बसणाऱ्याला सरसकट भित्रा म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच फारसं मनावर घेत नाही.

तो मात्र स्वतःला तेच म्हणत होता. मी मानसोपचारातल्या अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वाटेनं जाणारी. गप्प बसणं ही एक कृती आहे, ‘मी भित्रा’ हा आख्ख्या माणसावर मारलेला शिक्का आहे. शिक्का एकदा बसला की पुढची कृती त्याला साजेशीच होते. त्यात आणखी एक गाठ असते, आणि ती मला जवळजवळ प्रत्येकात सापडते: पहिल्या दिवशी बोललो नाही, आता बोललो तर लोक विचारतील, इतके दिवस कुठं होतास? मग दुसऱ्या दिवसाचं मौन पहिल्या दिवसाच्या मौनाची राखण करायला लागतं. मीही यातून सुटलेली नाही. पूर्वी एका संस्थेत काम करताना समुपदेशनाचे तास वाढवून लिहिलेलं रजिस्टर माझ्यासमोर सहीला आलं, तर मी पेन चालत नाही म्हणाले होते. तीन वेळा.

सहाव्या भेटीत मी म्हटलं, “मी मुनीम. बोला, काय बोलायचंय ते.”

तो लालबुंद झाला. “तुम्ही चोर आहात!” हात थरथरत होते.

“हे उद्या बोलाल?”

“मेलो तरी नाही.”

“आणि पहाटे चारला?”

“रोज बोलतो.”

तिथं मला उमगलं. त्याच्याजवळ दोनच गोष्टी होत्या: चोर म्हणणं किंवा गप्प बसणं. मधलं वाक्यच नव्हतं. मी विचारलं, “तुमचं काम काय?”

“काटा घेणं.”

“पाटावर माणूस उभा असेल तर?”

बराच वेळ पंख्याचाच आवाज येत होता. त्यानं टेबलाची कड अंगठ्यानं घासली, पर्च्या सरळ केल्या, एकावर एक ठेवल्या. मग अगदी कामाच्या सुरात म्हणाला, “उतरा भिया, काटा घेतोय.”

पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना हसला. “एवढंच? यात तर कुणाला चोर नाही म्हटलं.”

असे क्षण वर्षात दोन-तीनच येतात. त्या दिवशी मी पुढची वेळ अर्धा तास पुढं ढकलली आणि गॅलरीत उभी राहून चहा प्यायले.

असं कुणी आलं की मी आधी तीन-चार गोष्टी तपासायला सांगते. डोळ्यांनी बघितलं किती आणि अंदाज किती, हे तारखेसकट वेगळं लिहून काढा. नोकरी गेली तर घर किती महिने चालेल, हे बायकोला किंवा नवऱ्याला बरोबर घेऊन मोजा. कायद्याची खात्री करा. २०१४ चा जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, खासगी मिलमधल्या काटेबाबूच्या तो कामाचा नाही. वजनकाट्याची तक्रार मंडी समितीकडे किंवा नापतोल, म्हणजे वजनमापांच्या, विभागाकडे जाते. आणि पहिलं वाक्य सगळ्यात बलाढ्य माणसाला उद्देशून असायलाच हवं असं नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग हेच दाखवतात: सगळे चुकीचं उत्तर देत असताना एक जण जरी बरोबर बोलला, तरी चुकणाऱ्यांच्या मागं जाणारे एकदम कमी होतात. हे सगळं मोजून कुणी सध्या न बोलण्याचं ठरवलं, तर मी त्याला अडवत नाही. मोजून गप्प राहणाऱ्याला झोप लागते, असं मी बघितलं आहे.

त्याला ते वाक्य बोलायला अकरा दिवस लागले. हम्मालांना म्हणाला, मुनीमाकडे बघितलंच नाही. वयस्क हम्माल तत्काळ उतरला, कुणीतरी म्हणायचीच वाट बघत असल्यासारखा. दुसरा त्याच्या मागोमाग. मुनीम खोकला. पर्ची निघाली, ३,८९० ची.

तीन आठवडे हे चाललं. मग त्याला पगार तोच ठेवून गोदामाच्या रजिस्टरवर बसवलं. काट्यावर बावीस वर्षांचा एक मुलगा आला, आणि त्याला काम शिकवायला याला दोन दिवस मिळाले.

“पहिलं काय शिकवलं?” मी विचारलं.

“आधी उठून ट्रॉलीच्या मागं जायचं, पाट रिकामा बघायचा, मग बटण दाबायचं.”

“करतो का तो तसं?”

“गोदामातून काटा दिसत नाही, ताई.”