एडिट केलेला भात, फुटलेला बांध आणि शिरोळची क्षारपड

राम राम मंडळी. चार-पाच दिवस फोनवर एकच विषय चाललाय, जीन एडिट केलेला भात. आजऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय की हे बीटीच आहे का आणि पोराबाळांनी खाल्लं तर त्यांच्या डीएनएला काय होईल का. शिरोळच्या एका भावाचं म्हणणं, मीठ फुटलेल्या रानात हा भात लावू का. आणि करवीरच्या एका पाव्हण्यानं तर सरळ मेसेज टाकलाय, "८६०३२ पण एडिट करून टाका की सायेब", म्हणजे आपला उसाचा वाण. तिघांना एकदमच सांगतो.

आधी ताईंचं. ४ मे २०२५ ला दिल्लीत दोन वाण जाहीर झाले, हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं सांबा मसुरीवरनं केलेला डीआरआर धान १०० म्हणजे कमला, आणि दिल्लीच्या पुसा संस्थेनं एमटीयू १०१० वरनं केलेला पुसा डीएसटी राईस १. बीटी कापसात बॅक्टेरियाचा जीन आणून बसवलाय, या भातात बाहेरचा जीन शिल्लक नाही, भाताचाच एक जीन बंद पाडलाय. कमलामध्ये जो जीन बंद केलाय तो लोंबीत दाणे वाढवणारं हार्मोन मोडून टाकायचं काम करतो, तो गप बसला की दाणे जास्त.

आता हे होतं कसं ते ऐका, कारण इथंच सगळ्यांचा घोळ होतोय. क्रिस्पर म्हणजे जीन एडिट करायची कात्री, तिच्यासोबत एक वीसेक अक्षरांचा पत्ता असतो, त्या पत्त्यावर जाऊन ती डीएनएचे दोन्ही धागे तोडते, आणि तिचं काम तिथंच संपतं. पुढचा बदल कात्री करत नाही, पेशी स्वतः करते. डीएनए तुटला की पेशीत बोंब उठते, पेशी विभागणं थांबवते आणि आधी दुरुस्तीला लागते. धो-धो पावसात बांध फुटला की आपण काय टेप घेऊन मापं काढत बसतो का, हाताला लागंल ती माती-दगड टाकून पहिलं पाणी अडवतो, मग बांध उभा राहतो पण वीतभर इकडं तिकडं. पेशीचं अगदी तसंच, तुटलेली टोकं घाईनं जोडताना दोन-चार अक्षरं गळतात नाहीतर वाढतात, आणि तेवढ्यानं जीन बंद पडतो. गंमत म्हणजे पेशीनं जोड बिनचूक मारला तर पत्ता तसाच राहतो, मग कात्री परत येऊन तोडते, चूक होईपर्यंत. (शेजारचा शाबूत बांध नमुना धरून नीट बांधायची रीतही पेशीकडं असते, पण पिकात ती कमी वेळा जमते.)

नुकसान लईच झालं तर वनस्पतीत एसओजी-१ नावाचा मुकादम असतो, तो ठरवतो थांबायचं, दुरुस्त करायचं का पेशी मरू द्यायची. माणसात हेच काम पी-५३ करतो. आणि हे काय लॅबमधलंच नवल नाही, कडक उन्हात तुमच्या उसाच्या पानातला डीएनए रोज बिघडतो आणि रोज दुरुस्त होतो. टॅग-२४ भुईमूग सगळ्यांनी खाल्लाय ना? तो भाभा अणुसंशोधन केंद्राचा, किरणं मारून केलेल्या झाडांच्या संकरातनं आलेला. किरणं कुठंही तोडतात, कात्री ठरल्या ठिकाणी तोडते, एवढाच फरक. कात्रीही कधी चुकीच्या ठिकाणी लागते, म्हणून झाडं तपासून निवडावी लागतात, ते काम सोडून चालत नाही. खाण्याचं म्हणाल तर ताई, डीएनए आपण रोज भाकरीतनं खातोच, पोटात पचतो.

पाव्हणं, उसाचं अवघड आहे. भाताची गुणसूत्रं २४, उसाची शंभराच्या वर, एकेका जीनच्या पाच-दहा प्रती, सगळ्या बंद पाडायच्या म्हणजे खेळ नाही. दुसरं म्हणजे भातात कात्री बनवायला घातलेला जीन पुढच्या पिढीत बी निवडून काढून टाकता येतो, ऊस आपण कांडीनं लावतो, तिथं ती सोय नाही.

शिरोळच्या भावा, पुसा डीएसटी भाताचा खारवट रानात टिकाव वाढतो हे खरं, पण मिठाचा थर आणि खाली साठलेलं पाणी भात काय पिऊन टाकणार नाही. रान बिघडलं ते पाटपाण्यानं आणि निचरा नसल्यानं. आधी सच्छिद्र पाईपचा निचरा, मग माती परीक्षणात सामू (पीएच) आणि सोडियम बघून जिप्सम, पावसाळ्यात धैंचाचं हिरवळीचं खत गाडणं, हे सुटत नाही. आणि कोणी मोटरसायकलवरनं "एडिटवालं बी" म्हणून खुल्या पिशव्या विकत आला तर चहा पाजा, पण पिशवीवर बियाण्याचा टॅग आणि पक्कं बिल नसंल तर पिशवी परत.

माती परीक्षणाचा नमुना आणताना व्ही आकाराचा खड्डा, वीसेक सेंटीमीटर खोल, सात-आठ जागची माती मिसळून अर्धा किलो. उकिरड्याजवळची आणि बांधाकडची नको. क्षारपड असंल तर खालच्या थराची वेगळ्या पिशवीत बांधून आणा, वरच्यात मिसळू नका.