आधी सकाळची पट्टी, मग वेळापत्रक

नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिने गळण्याचा, पुन्हा पुन्हा उलटणारा आजार) असलेल्या मुलाला घरी शिकवायचे आपण ठरवले असेल, तर शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे घरात आणू नका. माझ्या मुलीच्या वहीत डावीकडे सकाळच्या लघवीतील प्रथिनांची नोंद असे आणि उजवीकडे त्या दिवशीचा अभ्यास; लघवीत बुडवायची तपासणीची पट्टी सलग तीन दिवस गडद हिरवी आली, म्हणजे प्रथिने जास्त जात आहेत असे दिसले, की डॉक्टरांना फोन जाई आणि गणिताऐवजी गोष्टी वाचल्या जात. या आजारावरचे स्टेरॉइड चालू असताना होणारी चिडचिड आणि सततची भूक हा औषधाचा परिणाम असतो, त्यावरून रागावू नये. (मी रागावले होते, हे कबूल करते.)

पुस्तकांसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत जाण्याची गरज नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात. दहावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) आहेच; तथापि एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) नोंदणी ५ वर्षे चालते आणि विषय थोडेथोडे करून सोडवता येतात, त्यामुळे मध्येच आजार उलटला तरी केलेला अभ्यास वाया जात नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे. तिथे दहावीच्या प्रवेशासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात. तोवर शाळेतून दाखला काढण्याची घाई करू नका. आधी मुख्याध्यापकांशी बोलून पाहा.