मुलाखतीच्या दारात जीव घाबरा होतो

प्रश्न : मी इंदूरच्या रामबाग भागात राहते, वय २७ वर्षे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाले असून १८ दिवसांनी मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या रेसिडेन्सी भागातील कार्यालयात माझी मुलाखत आहे. अभ्यासाची मला भीती नाही. भीती आहे ती दोन वर्षांपूर्वी घडलेल्या प्रसंगाची. एका खाजगी नोकरीच्या मुलाखतीसाठी बाकावर बसले असताना माझ्या आधीच्या उमेदवाराचे नाव पुकारले गेले आणि छातीत एकाएकी इतके धडधडू लागले की शेजारच्या मुलीला ते ऐकू जात असावे असे वाटले. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, मांडीवरच्या फाईलचे प्लास्टिक तळव्यांना चिकटू लागले आणि आपण आता इथेच मरणार अशी खात्रीच पटली. कोणालाही न सांगता मी जिना उतरून रस्त्यावर आले. १५ मिनिटांत सारे शांत झाले, पण परत वर जाण्याचे धैर्य झाले नाही. घरी ‘मुलाखत बरी झाली’ असे सांगितले. त्यानंतर असे आणखी तीनदा झाले. ईसीजी, थायरॉइड आणि रक्ताच्या इतर तपासण्या व्यवस्थित आल्या, डॉक्टर म्हणाले, “घबराहट है, और कुछ नहीं.” आता रोज पहाटे जाग येते ती ‘त्या दिवशी पुन्हा झाले तर?’ या विचारानेच. मावशी तिची झोपेची अर्धी गोळी घेऊन जा म्हणते, तर क्लासमधला एक मित्र धडधड कमी करणारी गोळी सुचवतो. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून टाकले आहे : १५ मिनिटांत सारे शांत झाले. त्या वेळी तुम्ही कोणतीही गोळी घेतली नव्हती, कोणी सलाईन लावले नव्हते. शरीराने सुरू केलेली गोष्ट शरीरानेच संपवली. अशा घबराटीच्या झटक्याचा (इंग्रजीत ‘पॅनिक अटॅक’) जोर साधारणपणे १० मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो. मात्र तुम्ही तेव्हा जिना उतरून आला होता, त्यामुळे मनाने सारे श्रेय त्या जिन्याला देऊन टाकले. ‘निघून आले म्हणून वाचले’ असा एक खोटा हिशेब तुमच्या मनाच्या वहीत लिहिला गेला आहे, आणि प्रत्येक वेळी उठून गेल्यावर त्यावर नवा शिक्का बसतो. पुढच्या १८ दिवसांत आपल्याला हा हिशेब दुरुस्त करायचा आहे. ‘भीती घालवायची’ हे उद्दिष्ट मी मुद्दामच ठेवत नाही, कारण ते ठेवले की माणूस दिवसभर भीती गेली का हेच तपासत बसतो.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, याकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. मुलाखतीआधी पोटात गोळा येणे, तोंडाला कोरड पडणे हे तर मंडळाच्या सदस्यांनाही त्यांच्या उमेदीच्या काळात झालेच असेल. ‘जीव घाबरा होणे’ ही पुढची पायरी आहे. पहिल्या पायरीवरून दुसरीवर आपण कसे जातो, याचे उलगडून दाखवणारे विवेचन ऑक्सफर्डमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली केले : हृदय जोरात धडधडते, ‘हा हृदयविकाराचा झटका तर नव्हे?’ असा त्याचा अर्थ आपण लावतो, त्या अर्थाने आणखी घाबरतो, त्यामुळे हृदय आणखी धडधडते आणि लावलेला अर्थ खरा वाटू लागतो. हे चक्र काही क्षणांत एवढे वेग घेते की ते कुठून सुरू झाले हेही आठवत नाही.

मुंग्यांचे आणि बधिर ओठांचे कारण श्वासात आहे. घाबरलेला माणूस नकळत भराभर, छाती वर उचलून श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटतो, मेंदूकडील रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात आणि गरगरल्यासारखे होते. रक्ताची आम्लता बदलल्यामुळे बोटे आणि ओठ बधिर होतात. गुदमरल्यासारखे वाटत असले, तरी प्राणवायू कमी पडलेला नसतो. म्हणूनच आपल्याकडे जो तो देतो तो ‘मोठा श्वास घे’ हा सल्ला अशा वेळी उलटा पडतो. भर द्यायचा तो उच्छ्वासावर : नाकाने चार सेकंद सावकाश श्वास घ्यावा आणि सहा सेकंद सोडावा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये; दमा किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी तो घातक ठरू शकतो. ‘चक्कर येऊन सर्वांसमोर पडेन’ ही धास्ती तुम्ही लिहिली नसली तरी बहुतेकांना असते. बेशुद्ध पडण्यासाठी रक्तदाब एकदम घसरावा लागतो, आणि या झटक्यात तो सहसा वाढलेला असतो.

आता सरावाकडे वळू. हा भाग वाचताना तुम्हाला माझा थोडा रागही येईल, कारण ज्या संवेदनांपासून तुम्ही दोन वर्षे पळत आहात त्या मी मुद्दाम निर्माण करायला सांगणार आहे. रोज सायंकाळी घराचा जिना एक मिनिटभर भराभर चढून उतरावा. थोड्या विश्रांतीनंतर नाक चिमटीत धरून शीतपेयाच्या बारीक नळीतून मिनिटभर श्वास घ्यावा. त्यानंतर जागच्या जागी उभे राहून मिनिटभर गिरक्या घ्याव्यात. छातीत धडधडेल, गुदमरेल, गरगरेल. अशा वेळी पाणी पिऊ नये, पंखा वाढवू नये, आईला हाक मारू नये. केवळ घड्याळाकडे पाहत बसावे आणि किती मिनिटांत ओसरले ते वहीत लिहावे. पहिल्या दिवशीचा आकडा आणि आठव्या दिवशीचा आकडा शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे तुमच्या मनाला जे कोणी समजावून पटणार नाही ते आपोआप पटेल. तुमच्या तपासण्या व्यवस्थित आहेत म्हणून हे सांगत आहे. दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा गरोदरपण असलेल्या वाचकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

सराव मुलाखतीही याच दृष्टीने द्याव्यात. घरी गादीवर मांडी घालून, मराठीत, बहिणीसमोर दिलेली उत्तरे फारशी उपयोगी नाहीत. त्या दिवशी नेसणार असाल ती साडी नेसून, पूर्ण हिंदीत, ज्यांना तुम्ही ओळखत नाही अशा दोघांसमोर आणि बाकावर अर्धा तास ताटकळल्यानंतर बसावे. घरात मराठी आणि मंडळासमोर शुद्ध हिंदी ही आपल्या इंदुरी मुलांची जुनी कसरत आहे. घाबरल्यावर शब्द अडतो तो बहुधा तिथेच. स्वतःच्या परिचयाची पहिली तीन वाक्ये हिंदीत इतक्यांदा मोठ्याने म्हणावीत की झोपेतून उठवले तरी बिनचूक यावीत. दोन दिवस मुलाखतीच्या वेळी रेसिडेन्सीपर्यंत जाऊन फाटकाजवळ १५ मिनिटे उभे राहून परत यावे. धडधडले तर उत्तमच. ओसरल्यावरच रिक्षा करावी.

गोळ्यांविषयी मी कडक आहे. मावशींची गोळी बहुधा बेंझोडायझेपिन गटातली असेल. तिने भीती दबते, पण त्याबरोबर आठवण आणि तल्लखपणाही मंदावतो, सवय लागण्याचा धोका असतो आणि दुसऱ्याच्या नावावर लिहिलेले औषध घेणे केव्हाही चूकच. मित्राने सुचवलेली गोळी प्रोप्रॅनोलॉल असावी. ती धडधड आणि हातांची थरथर कमी करते हे खरे, पण दमा असलेल्यांना ती अपाय करू शकते आणि कोणतेही औषध आयुष्यात प्रथमच मुलाखतीच्या सकाळी घेऊ नये. या विकारावर नियमित दिली जाणारी औषधेही आहेत, मात्र त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी किंचित वाढूही शकते, त्यामुळे १८ दिवसांचा हिशेब मनोविकारतज्ज्ञांसमोर मांडूनच निर्णय घ्यावा. आपल्या शहरात एम. वाय. रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, बाणगंगा येथे शासकीय मानसिक रुग्णालय आहे, आणि केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २४ तास चालू असतो. चार झटके आणि दोन वर्षांची धास्ती एवढ्यावरून तज्ज्ञांकडे जाणे योग्यच आहे. मुलाखत झाल्यावरही जावे.

प्रत्यक्ष दिवशी उपाशी जाऊ नये. पोहे खावेत, जिलबी नको असेल तर राहू द्यावी, परंतु धीर यावा म्हणून तीन कप कडक चहा घेण्याचा मोह टाळावा, कारण चहातल्या कॅफीनने होणारी धडधड आणि भीतीची धडधड मनाला वेगळी ओळखता येत नाही. आदल्या रात्री झोप लागली नाही तर त्याची नोंद घेऊ नये. एका रात्रीच्या जागरणाने वर्षांची तयारी जात नाही. बाकावर सुरू झालेच, तर मनात त्या भीतीला एवढेच म्हणावे : ‘आलीस? बस शेजारी, माझे नाव पुकारले की दोघी आत जाऊ.’ आत बसल्यावर आले, तर दोन्ही पावले जमिनीवर टेकवून ‘सर, एक क्षण दीजिए’ असे स्पष्ट म्हणावे. समोरच्यांना त्यात विचार करणारी उमेदवार दिसते. तुमच्या कानात चाललेला ढोल त्यांना ऐकू येत नाही.

‘मुलाखत बरी झाली’ असे तुम्ही घरी सांगितले, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. पण या वेळी निदान आईला खरे सांगावे. एक गुपित सांभाळण्याचे काम तरी कमी होईल.

प्रश्न : माझ्या मुलाची पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत आहे. तो फार घाबरतो. आम्ही त्याला धीर कसा द्यावा? – एक वडील, सुदामानगर

उत्तर : कमी बोलून. ‘घाबरला नाहीस ना?’ असे आपण जितक्यांदा विचारतो तितक्यांदा तो स्वतःची छाती चाचपून पाहतो. ‘घाबरायचे काय त्यात’ हे वाक्यही टाळावे, कारण त्यानंतर घाबरणे हा त्याचा दोष ठरतो. त्याला हवे असेल तर रोज अर्धा तास समोर खुर्ची टाकून, चेहरा गंभीर ठेवून प्रश्न विचारावेत आणि उत्तरावर लगेच भाष्य करू नये. त्या दिवशी सोडायला जावे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. गेलात तर फाटकाशी सोडून परत यावे, बाहेर ताटकळत उभे राहू नये. तो घरी आल्यावर ‘काय काय विचारले?’ हा प्रश्न त्याचे जेवण होईपर्यंत राखून ठेवावा.